कडीच्या पुढचं पान

माझ्या भाचीला भाषेच्या पेपरात एका प्रश्नाला शून्य मिळालं आणि त्याची झळ आम्हा सगळ्यांना लागली.

आधीच सांगून टाकते, मी पुस्तकवाली बाई नाही. मी गाडी शिकवते. गेली सव्वीस वर्षं माणसं माझ्या शेजारी बसून घाम गाळतात आणि मी त्यांच्यावर ओरडते. राग माझ्या नाकावरच असतो. बाबा मला लहानपणापासून लवंगी म्हणतात, ते काही उगाच नाही. शाळेत आम्हाला ‘होडीवाल्याची सून’ नेमलेली होती, तीही मी गाइडमधून वाचून पास झाले. त्यामुळे तू एक दिवस वाचनालयात बसून याच कादंबरीवर संशोधन करशील, असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला चालत्या गाडीतून उतरवला असता.

पेपरातला प्रश्न होता, ‘होडीवाल्याची सून या कादंबरीच्या शेवटाचे महत्त्व सांगा.’ आता ही कादंबरी न वाचलेली माणसं पुष्कळ मिळतील, पण तिचा शेवट माहीत नसलेला माणूस मिळायचा नाही. होडीवाल्याचा मुलगा कामासाठी म्हणून जातो तो परत येत नाही. त्याची बायको एके पहाटे सासऱ्याला न सांगता त्याची एकुलती एक होडी सोडते आणि नवऱ्याला शोधायला निघते. सात वर्षं भटकते. नवरा काही सापडत नाही. शेवटी एकटीच परत येते, घरापाशी पोहोचते, आणि शेवटचं वाक्य, ‘तिने कडीला हात घातला.’ बस. दार उघडतं की नाही, सासरा घरात घेतो की हाकलून देतो, कुणाला पत्ता नाही. या एका वाक्यावर लोकांनी जाडजूड ग्रंथ लिहिलेत. कुणाचं लग्न लोंबकळत राहिलं किंवा नोकरीचं उत्तर आलं नाही, की आमच्याकडे म्हणतात, बसलाय कडीला हात घालून.

आणि भाचीने लिहिलं होतं की सासरा दार उघडतो आणि विचारतो, “होडी कुठे बांधलीस?” ती म्हणते, “जुन्याच खुंटाला.” मग दोघं होडी बघायला नदीवर जातात. बाईंनी लाल शाईत शून्य काढून खाली लिहिलं होतं, ‘मूळ कादंबरी वाचावी.’

“हे तुला सांगितलं कोणी?” दादाने विचारलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, भाचीचा बाप. घरांचे नकाशे काढतो, आणि माणसंही पट्टीने आखलेली असावीत असं त्याला वाटतं.

“आजोबांनी,” भाची म्हणाली.

बाबा खिडकीपाशी बसले होते. शहाऐंशी वर्षांचे. “बरोबरच लिहिलंय की पोरीने,” ते म्हणाले. “शून्य कसलं दिलं?”

दादाने पुस्तक आणून त्यांच्यापुढे शेवटचं पान उघडलं. बाबांनी वाचलं. पान उलटलं, पुढचं कोरं. मग त्यांनी अंगठा शिवणीवरून फिरवला, एखादं पान सुटलंय का ते बघायला. एक्केचाळीस वर्षं त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयाच्या बांधणी विभागात काढली आहेत, ती सवय जाणार कुठे!

“हे पुस्तक अपुरं आहे,” ते म्हणाले.

“बाबा, सगळीकडे हेच आहे. तुम्ही ही कादंबरी वाचलीत तरी कधी?”

“पुस्तक नाही वाचलं. साप्ताहिकात यायची तेव्हा वाचली. सुटे अंक बांधायला यायचे ना.”

हेही खरंच होतं. बाबांनी जन्मभर वाचलं ते सुटं. बांधून झालेलं पुस्तक ते फक्त उघडमीट करून बघत आणि फळीवर ठेवून देत. एकदा बांधलं की ते दुसऱ्यांचं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे जगाला कुठला शेवट माहीत आहे, हे त्यांना चौसष्ट वर्षं कळलंच नव्हतं.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात बोलायला लागला. परवा तुम्ही किटली गॅसवर ठेवून झोपलात. मागच्या महिन्यात घरासमोर उभं राहून घर शोधत होतात. बाबा, डॉक्टर म्हणाले होते ना, मेंदूत रिकाम्या जागा झाल्या की तो त्या मनाने भरून काढतो. बारा दिवसांनी तपासणी आहे, तेव्हा हेही सांगू. मग तुम्ही कुठे राहायचं ते ठरवू, जिथे चोवीस तास कोणी बघायला असेल.

“ते माझ्याकडे राहतात. मी मेले नाहीये अजून,” मी म्हणाले.

“तू दिवसभर गाडीत असतेस,” दादा म्हणाला. आणि तेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, “लवंगी, किटली मी विसरलो. घरही विसरलो. विसरणं मला कळतं गं. पण जे नव्हतंच ते मला दिसायला लागलं असेल, तर मग पंचाईत आहे.”

“कसली पंचाईत?”

“तुझी आई. ती जे जे बोलली, हसली, भांडली, ते मी रोज बसून आठवतो. त्यातलं खरं किती आणि माझ्या मेंदूने भरलेलं किती?” त्यांनी कप बशीत ठेवला. “तू ग्रंथालयात जा. नीट बघून ये. नसेल तसा शेवट, तर नाही म्हणून तोंडावर सांग. मग दादा ठेवेल तिथे मी जाऊन राहतो.”

आई जाऊन नऊ वर्षं झाली. या माणसाकडे आता तेवढंच उरलंय, आणि तेही कुणीतरी खोडरबर घेऊन पुसायला बसल्यासारखं झालं होतं. मी दुपारच्या दोन्ही शिकवण्या रद्द केल्या आणि निघाले.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर संदर्भ विभाग. तिथल्या बाई बुटक्या, केस पांढरे, आवाज इतका हळू की आपणच कानात कापूस घातलाय असं वाटावं. त्यांनी सगळ्यात आधी माझं पेन काढून घेतलं.

“आत फक्त पेन्सिल. पिशवी बाहेर. आणि बोट ओलं करून पान उलटायचं नाही.”

“हात धुऊन येऊ का?” मी फणकाऱ्याने विचारलं.

“या ना. साबण आहे तिथे.”

मुकाट्याने धुऊन आले. मग त्यांनी माझ्यापुढे एक कोरी चिठ्ठी सरकवली. “काय शोधायचंय ते एका वाक्यात सांगा.”

“माझे वडील खोटं बोलत नाहीत, एवढंच शोधायचंय.”

मला वाटलं हसतील. त्यांनी मला पूर्ण गोष्ट सांगायला लावली, चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, “बसा. आवृत्त्यांपासून सुरुवात करू.”

चौदा आवृत्त्या आल्या. मोठ्या अक्षरातली, शाळेची, चित्रांची, एक तर सोनेरी कडांची. मी एकेक करून शेवटचं पान उघडत गेले. हात घातला, हात घातला, हात घातला. नवव्या पुस्तकाला माझा धीर सुटला.

“संपलं की हो, बाई. सगळीकडे तेच.”

“तेच असणार. सगळ्या एकाच आईच्या लेकी. एकीला विचारलं काय आणि चौदा जणींना विचारलं काय! आईला विचारू,” असं म्हणून त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने करड्या कापडाचं एक पातळ पुस्तक घेऊन आल्या. पहिली आवृत्ती. “शेवट नका बघू. प्रस्तावना वाचा. प्रस्तावना कोणी वाचत नाही, म्हणून तिथे हवं ते सापडतं.”

प्रस्तावना दीड पानाची होती. प्रकाशकाने लिहिलं होतं की कादंबरी साप्ताहिकात पूर्ण झाली आणि पुढच्याच महिन्यात लेखक वारला. त्याचं हस्तलिखित छापखान्यातून कुठे गेलं ते कळलं नाही. साप्ताहिकही वर्षभरात बंद पडलं, अंक रद्दीत गेले. म्हणून ‘सार्वजनिक ग्रंथालयातील बांधीव खंडावरून’ मजकूर उतरवून घेऊन हे पुस्तक काढत आहोत. खाली ग्रंथपालांचे आभार.

मी दोनदा वाचलं. “म्हणजे सगळं जग जे वाचतंय ते...”

“आपल्या इथल्या एका खंडावरून उतरवलेलं आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा वर चढला. “उद्या या. तो खंड तळघरात आहे, काढून ठेवते.”

त्या संध्याकाळी एका शिकाऊ डॉक्टरने माझी गाडी दोनदा फुटपाथवर चढवली आणि मी त्याला काही बोलले नाही. माझं डोकं त्या खंडात होतं. इतक्या वर्षांत मला असली हुरहुर कशाचीच लागली नव्हती. हसू नका, पण कोपऱ्यापलीकडे काय आहे ते दिसत नसलं की पाय जसा आपोआप ब्रेककडे जातो, तसा माझा जीव सारखा तिकडे जात होता.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडायच्या आधीच पायरीवर हजर. खंड लाकडी टेबलावर फोमच्या उशीवर ठेवला होता. मोठा, तांबड्या कापडाचा, पुढच्या पुठ्ठ्याचा सांधा फाटलेला. सव्वीस अंक एकत्र बांधलेले. मी शेवटचा अंक काढला. चोविसाव्या पानावर, अगदी शेवटच्या ओळीच्या शेवटी, ‘तिने कडीला हात घातला.’

झालं. माझ्या बाबांचं मरणच लिहिलेलं होतं ते. मी कपाळावर हात मारून घेतला. टेबलावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, पण तिथे पुस्तकावर पाणी सांडायला बंदी आहे.

उठायचं म्हणून उठले, पण उठवेना. काहीतरी खटकत होतं. मी पुन्हा बसले आणि पहिल्या अंकापासून चाळायला लागले. केस गळतीवरचे उपाय वाचले, वाचकांची भांडणं वाचली. याच साप्ताहिकात दुसरी एक कादंबरी क्रमशः येत होती, चोरांची. ती खंडाच्या मध्यावरच पूर्ण झाली होती आणि तिच्याखाली ठसठशीत ‘समाप्त’ होतं, दोन्ही बाजूंना फुली. लघुकथांखाली ‘समाप्त’. एका पाककृतीखालीसुद्धा ‘समाप्त’!

“बाई,” मी हाक मारली, जरा मोठ्यानेच. चार माना वळल्या. “हा संपादक पाककृतीखाली समाप्त लिहितो आणि कादंबरीखाली विसरतो?”

“त्यावर एक प्रबंध आहे,” बाई म्हणाल्या. “लेखकाने मुद्दाम समाप्त टाळलं, कारण आयुष्य समाप्त होत नसतं. तीनशे पानी आहे.”

“आणि ओळ बघा. पान तळापर्यंत भरलंय. मुंगी शिरायला जागा नाही. एवढं बरोब्बर पानाच्या टोकाला कादंबरी संपते? मी सव्वीस वर्षं शिकवतेय, एकाचीही गाडी पहिल्या फटक्यात रेघेवर थांबलेली नाही.”

बाई माझ्या बाजूला येऊन बसल्या. मी पानं मागे-पुढे करत होते. अंक संपला की लगेच पुढच्या अंकाचं पहिलं पान. मला आमच्या घरी येणारी साप्ताहिकं आठवली, वर बाईचं नाहीतर फुलाचं रंगीत चित्र असायचं. “याला कव्हर नव्हतं का हो?”

बाईंनी चष्मा काढला. “होतं ना. असणारच.” त्यांनी खंडाच्या कडेवरून बोट फिरवलं. “जुन्या बांधणीत कव्हरं काढून टाकायचे. आम्ही सगळे ते गृहीतच धरतो. म्हणून कोणी विचारत नाही.” मग जवळजवळ पळतच टेलिफोनकडे गेल्या. दुसऱ्या तीन ग्रंथालयांना फोन केले. दोन ठिकाणी हे साप्ताहिक नव्हतंच. तिसऱ्याकडे होतं, पण तोही खंड पूर्वी इथेच बांधला होता, आणि मागच्या वर्षी कसर लागली म्हणून मोडीत काढला होता.

“कव्हरं काढून त्यांचं काय करायचे?” मी विचारलं.

“ते तुमच्या वडिलांना विचारा. त्यांच्याइतकं मला नाही माहीत.”

विचारलं. बाबा संध्याकाळी खुर्चीत बसून भेंडी चिरत होते, तेवढं काम मी त्यांच्याकडे ठेवलंय. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि बाबांचा चेहरा खुलला. बांधणीबद्दल त्यांना कोणी विचारतच नाही ना!

“कव्हर ठेवलं तर खंड फुगतो, फळीवर मावत नाही. साहेबांचा नियमच होता, आधी कव्हर आणि जाहिराती फाडायच्या, मग शिवायचं. पण मी टाकत नसे हं. बाकीचे रद्दीत टाकायचे. कव्हरचा कागद जाड, मजबूत! मी त्याच खंडाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायचो, तीन-तीन थर, आणि वरून अस्तराचा कागद. म्हणून माझे पुठ्ठे वाकले नाहीत कधी. विचार कुणालाही.”

“साप्ताहिकांचेही?”

“सगळ्यांचे.” सुरी चालू होती. “कव्हरच्या आतल्या बाजूला कधी कधी मजकूर असायचा. जागा पुरली नाही की संपादक तिथे ढकलायचा. आम्हाला कोण सांगणार! कव्हर म्हणजे कव्हर, फाड.”

ते भेंडी चिरत राहिले. त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं, आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं.

बाबांचा शेवट खरा असेल, तर तो मागच्या कव्हरच्या आत छापलेला होता. आणि तो फाडणारे बाबाच. चौसष्ट वर्षं सगळं जग ज्या बंद दारापुढे उभं आहे, ते दार माझ्या बापाने साहेबांच्या नियमाने बंद केलं होतं. आता मी त्यांना काय सांगू? तुमचं डोकं शाबूत आहे बाबा, पण तुम्ही देशातली सगळ्यात मोठी कादंबरी कापलीत? ज्या कामाचा त्यांना एवढा अभिमान, त्यातच हे! मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

सकाळी बाईंना गाठलं. त्यांनी आधीच बांधणीची जुनी नोंदवही काढून ठेवली होती. खंड बांधल्याच्या तारखेला, त्या खंडापुढे, बाबांची सही.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” बाई पुटपुटल्या. “पान त्या खंडाच्याच पुठ्ठ्यात असणार.”

“बाई, एक करा. पान शोधू, पण ही वही त्यांना दाखवू नका. कोणी बांधलं, ते विषयच काढू नका.”

त्यांनी वही मिटली. खंडाचा सांधा फाटलेला होताच, त्यामुळे दुरुस्तीच्या यादीत त्याचं नाव होतं. ग्रंथपालांनी लेखी परवानगी दिली, दोन अटींवर. काम त्यांच्यासमोर व्हायचं, आणि जुन्या बांधणीतला माहीतगार माणूस हजर हवा. बांधणी विभाग बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. माहीतगार माणूस एकच उरला होता आणि तो आमच्या घरी भेंडी चिरत होता.

तपासणीच्या दोन दिवस आधी मी बाबांना घेऊन गेले. दादालाही ओढलं. “डॉक्टरकडे जायच्या आधी तुझ्या डोळ्यांनी बघ,” म्हटलं. बाबांना एवढंच सांगितलं होतं की एका पुठ्ठ्याच्या आत काही कागद आहेत, ते न फाटता काढायचेत. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

त्यांचे हात कापत होते. त्यांनी ते स्वतःच बघितले आणि मागे घेतले. “मला नाही जमायचं. लवंगी, तू कर. मी सांगतो.”

आता माझे हात स्टिअरिंग धरायचे. ओल्या फडक्याने अस्तराचा कागद शेकायचा, थांबायचं, कोपऱ्यातून हाडाची पट्टी सरकवायची.

“हळू! हळू म्हणतो ना! खेचतेस काय, बैल आहे का तो? पट्टी आडवी धर. आडवी! कागद सुटेल तेव्हा सुटेल, तुला कुठली गाडी गाठायचीय?”

दादा खोकल्याच्या आडून हसला. मी दात-ओठ खाऊन ऐकून घेतलं. इतकी वर्षं लोक माझ्याबद्दल काय बोलत असतील ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या पुठ्ठ्यात काही निघालं नाही, नुसती फुलं आणि बायका. मागचा पुठ्ठा घेतला. अस्तर निघालं. पहिला थर, एक धबधबा. दुसरा थर, साबणाची जाहिरात. तिसऱ्याला पाऊण तास लागला, कारण तो थेट पुठ्ठ्यालाच चिकटलेला होता. तो सुटला, बाईंनी दोन्ही तळहातांवर उचलला आणि टिपकागदावर उलटा केला. खळीचे पिवळे डाग होते, एक कोपरा गेला होता. पण मजकूर होता. अर्धं पान. आणि तळाशी, दोन फुल्यांच्या मधे, समाप्त.

बाईंनी वाचायला सुरुवात केली, आवाज नेहमीसारखाच हळू.

“कडी वाजली. आतून पावलं आली. म्हाताऱ्याने दार उघडलं आणि तिच्याकडे...”

“होडी कुठे बांधलीस?” बाबा म्हणाले.

बाईंनी पानावरची नजर उचलली नाही. “‘होडी कुठे बांधलीस?’ त्याने विचारलं. ‘जुन्याच खुंटाला,’ ती म्हणाली. ‘मग दोर बघायला हवा,’ तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून तिच्यापुढे चालू लागला.”

दादा खुर्चीतून उठला. त्याला काय करावं ते कळेना. मग तो बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि म्हणाला, “बाबा, चुकलं माझं.” माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि मी त्या पुसल्या नाहीत. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

बाबा मात्र कपाळाला आठ्या घालून होते. “आणि कंदील? त्याच्या हातात कंदील होता ना?”

बाईंनी पुन्हा बघितलं. “कंदील नाहीये यात.”

“मला तर दिसतो,” बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा परत पडला. मला त्या कंदिलाचा असा राग आला!

तेवढ्यात ग्रंथपाल पुढे झाले. भला माणूस, पण जिभेला हाड नाही. “चौसष्ट वर्षं!” ते म्हणाले. “केवढा घोटाळा! असला शेवट फाडून पुठ्ठ्याला चिकटवणारा हा शहाणा कोण होता?”

“जाऊ द्या हो,” मी घाईघाईने म्हणाले. “कोणी का असेना. नियमच होता तो.” बाईंनी कागद आवरायला घेतले. पण बाबा टेबलावर वाकले होते. तिसरा थर निघाल्यावर उघडा पुठ्ठा दिसत होता आणि त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेल्या तीन उभ्या रेघा होत्या, शेजारी तारीख. प्रत्येक बांधणारा आत आपली खूण करायचा. त्यांनी रेघांवर बोट ठेवलं.

“मी,” बाबा म्हणाले.

“बाबा, घरी चला आपण.”

“थांब गं. मीच तो शहाणा, साहेब!” त्यांचा आवाज खोलीभर झाला. त्यांना उभं राहायचं होतं, दादाने धरलं. “ही माझी खूण. मीच फाडलं हे. शनिवार होता, खळ पातळ झाली होती म्हणून मी कुरकुरत होतो. समोर ती छापील तावांना घड्या घालत बसायची, नवीनच लागली होती कामाला, बोललोही नव्हतो कधी. मी कव्हर फाडलं तशी ती म्हणाली, अहो, थांबा, त्यावर मजकूर आहे. आणि तिनेच वाचून दाखवलं. म्हाताऱ्याचा आवाज काढून! मी हसलो म्हणून तिने मनाने कंदील घातला त्याच्या हातात, हा असा, हात वर करून दाखवला. आणि मग मी खळ लावली.” ते माझ्याकडे वळले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. एवढा मोठा गुन्हा कबूल करताना इतका आनंदलेला माणूस मी पाहिलेला नाही. “लवंगी, मी कुठे वाचलं होतं ते? मी ऐकलं होतं. तुझी आई बोलली होती ते, अगदी तस्संच.”